घराचा हप्ता, छताची उष्णता आणि स्लॅबआधीचे निर्णय

सोलापुरात एप्रिलअखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास एखाद्या एकमजली घरात स्टुलावर उभे राहावे आणि स्लॅबच्या खालच्या बाजूला तळहात लावून पाहावा. अंगणात तोवर झुळूक सुटलेली असते, शेजारी बाजा बाहेर काढून पडलेले असतात, आणि स्लॅब मात्र नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखा गरम लागतो. पाच-सहा इंच जाडीच्या काँक्रीटमधून उष्णता आरपार यायला चार-पाच तास लागतात, त्यामुळे दुपारी दोन-तीनच्या उन्हाने तापलेले छत ती उष्णता घरात सोडू लागते ते संध्याकाळी सातनंतर, म्हणजे घरातली माणसे परतून विसावतात त्याच वेळी. मग दुसऱ्या उन्हाळ्यात एसी येतो, तोही बहुधा हप्त्यावर. एका हप्त्याने उष्णता आत घेणारे छत बांधायचे आणि दुसऱ्या हप्त्याने तीच उष्णता बाहेर फेकायची, असा हा दुहेरी खर्च आहे. तयार फ्लॅट घेणाऱ्याला तो टाळता येत नाही. स्वतः घर बांधणाऱ्याला येतो, पण त्यासाठी नकाशा आणि कर्ज या दोन गोष्टींचा विचार एकाच वेळी करावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या माणसांकडून होतो.

ऊर्जाबचतीचे घर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गच्चीवरचे सोलर पॅनेल येते. प्रत्यक्षात पॅनेल ही या कामातली शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे घराचे कवच: दिशा, छत, भिंती, खिडक्या आणि छज्जे. दुसरी पायरी पंखे, दिवे, गिझर, फ्रिज यांची. या लेखाचा रोख एवढाच आहे की जे मागाहून बदलता येत नाही किंवा बदलायला फार महाग पडते, त्याला गृहकर्जातला पैसा आधी मिळाला पाहिजे. जे दोन वर्षांनी दुकानातून आणता येते, ते थांबू शकते.

दिशेला पैसे पडत नाहीत, म्हणून तिथून सुरुवात करू. सोलापूरच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारी बाराचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो, तर मे महिन्यात तो थेट डोक्यावर येतो आणि पुढे जुलैअखेरपर्यंत भर दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. याचा अर्थ असा, की दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा साधा छज्जा टाकला तरी उन्हाळ्यातले दुपारचे ऊन अडते आणि थंडीतले आत येते. पश्चिमेला हा हिशेब चालत नाही. तिथे तीननंतरचे ऊन तिरपे, छज्जाच्या खालून येते आणि भिंत संध्याकाळपर्यंत भाजत राहते. म्हणून घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवाव्यात आणि पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली अशी माणसांचा वावर कमी असलेली जागा द्यावी. इथे एक अडचण घराघरांत येते: वास्तुशास्त्र मोठ्या माणसांची झोपायची खोली नैर्ऋत्येला सांगते, आणि आपल्या हवेत संध्याकाळी सर्वांत तापलेला कोपरा तोच असतो. घरातल्या ज्येष्ठांशी या मुद्द्यावर वाद घालून कोणी जिंकल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यापेक्षा खोली तिथेच ठेवून तिच्या पश्चिमेला पडवी काढणे, किंवा भिंतीपासून थोड्या अंतरावर कडुनिंबाचे झाड वाढवणे, हा समेट अधिक टिकाऊ ठरतो. पडवी आणि छज्जे मात्र मंजुरीच्या नकाशात दाखवलेले असावेत. सामासिक अंतरात, म्हणजे भूखंडाच्या कडेने मोकळ्या सोडायच्या जागेत, परस्पर काढलेले बांधकाम पुढे भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अडते.

खिडक्यांबाबत एक मोजमाप उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. ती काढली तेव्हा ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती, त्यामुळे लहान बंगल्याला ती लागू होत नाही, पण तिच्यातले आकडे घरमालकाने स्वतःहून वापरण्यासारखे आहेत. उष्ण-कोरड्या हवेत खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या किमान १० टक्के, नागपूरसारख्या संमिश्र हवेत १२.५ टक्के आणि कोकणासारख्या उष्ण-दमट हवेत १६.६६ टक्के एवढे क्षेत्र प्रत्यक्ष उघडता आले पाहिजे, असे ती सांगते. ‘उघडता आले पाहिजे’ या शब्दांत खरी मेख आहे. हल्ली सर्रास बसवल्या जाणाऱ्या दोन पट्ट्यांच्या सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीची एक काच नेहमी दुसरीच्या मागे असते, म्हणजे पाच बाय चारची, २० चौरस फुटांची खिडकी वाऱ्याच्या दृष्टीने १० चौरस फुटांचीच असते. बिजागरीच्या झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. काच वाढवून ऊन आत घेण्यापेक्षा झडपा उघडून वारा आत घेणे केव्हाही स्वस्त आहे.

आता छत. उष्णता एखाद्या थरातून किती सहज आत शिरते ते मोजणाऱ्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात: एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता जाते ते ही संख्या दाखवते. जितकी कमी तितकी चांगली. उघड्या आरसीसी स्लॅबची यू-व्हॅल्यू ढोबळमानाने ३.५ असते, संहितेची छतासाठीची मर्यादा १.२ आहे, स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस या उष्णतारोधक फोमचे तक्ते घातले तर ती ०.५ च्या आसपास उतरते. १,००० चौरस फुटांचे, म्हणजे ९३ चौरस मीटरचे छत बाहेरून आतल्यापेक्षा २० अंशांनी अधिक तापले आहे असे धरले, तर उघड्या स्लॅबमधून सुमारे ६,५०० वॅट उष्णता आत येते आणि इन्सुलेशन घातलेल्या स्लॅबमधून सुमारे ९३०. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, हे लक्षात घेतले तर पहिला आकडा म्हणजे जवळजवळ दोन टनांच्या एसीला छतानेच दिलेले काम आहे.

आपल्याकडची जुनी घरे हे जाणून होती. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदावर लाकडी तुळया आणि पाट्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे, आणि त्या थरातून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्रीचा गारवा सुरू होई. माळवद पुन्हा बांधा, असे कोणी म्हणणार नाही. त्याची दर पावसाळ्याआधीची डागडुजी आता कोण करणार? पण वॉटरप्रूफिंगसाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा बहुतेक घरांवर होतोच. त्याच्यावर लाल फरशीऐवजी पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवले तर जास्तीचा खर्च थोडा येतो आणि ऊन परतवले जाते. तेही परवडत नसेल तर दर मार्चमध्ये गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. ते एका पावसाळ्यात धुऊन जातात, पण उन्हाळ्यापुरते काम करतात.

छतावर पैसा घालण्याआधी मात्र एका प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागते. आपल्या गावांतल्या निम्म्या गच्च्यांवर कॉलमच्या सळया उभ्या दिसतात, कारण ‘पुढे वरचा मजला काढायचा आहे’. काही घरांवर त्या गंजून वीस वर्षे झालेली असतात. पाचेक वर्षांत मजला खरोखर चढणार असेल, तर आजच्या छतावर महागडे इन्सुलेशन घालणे म्हणजे ते दोन मजल्यांच्या मध्ये गाडणे होय; तेव्हा चुना किंवा पांढरा रंग पुरे. मजला चढणार नसेल तर सळया कापून छत नीट करावे.

भिंतींविषयी थोडक्यात. नऊ इंची विटांच्या भिंतीची यू-व्हॅल्यू दोनच्या आसपास आणि आठ इंची एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बारीक छिद्रांच्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीची ०.७ ते ०.८ असते, म्हणजे फरक मोठा आहे. ब्लॉक हलका असतो आणि बांधकाम झपाट्याने उरकते. वीटभट्टी गावाबाहेर दोन किलोमीटरवर आणि ब्लॉकचा कारखाना दीडशे किलोमीटरवर असेल तर भाडे आणि वाटेतली तूटफूट धरूनच तुलना करावी. शिवाय ब्लॉकची सवय नसलेला मिस्त्री त्याला विटेसारखाच वागवतो. माझ्या घरी कॉलम आणि ब्लॉक जिथे मिळतात तिथे गिलाव्याआधी जाळी मारायची राहून गेली; ठेकेदार म्हणाला, ‘काही होत नाही साहेब.’ पहिल्याच उन्हाळ्यात त्या सांध्यावर छतापासून जमिनीपर्यंत सरळ उभी भेग पडली, आणि ती बुजवायला लागलेला पैसा कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हता. भिंतींचा सगळा खर्च झेपत नसेल तर फक्त पश्चिमेची भिंत ब्लॉकची करणे किंवा तिला सावली देणे हा मधला मार्ग आहे.

कोणता खर्च करावा आणि कोणता नाही, हे ठरवायला मी एकच कसोटी वापरतो. गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर प्रत्येक जास्तीच्या एक लाखामागे महिन्याला ८६८ रुपये हप्ता वाढतो आणि वीस वर्षांत त्या लाखाचे दोन लाख आठ हजारांहून अधिक भरले जातात. विजेचे एक युनिट सर्व आकारांसह दहा रुपयांना पडते असे हिशेबापुरते धरले, तर त्या लाखाने महिन्याला निदान ८७ युनिटे वाचवली पाहिजेत, तरच तो स्वतःचा हप्ता स्वतः फेडतो.

ही कसोटी लावली की काही निकाल अपेक्षेबाहेरचे निघतात. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा असतो, बीएलडीसी, म्हणजे ब्रशविना मोटरचा, पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला १६ युनिटे वाचतात. पंख्यामागे दीड हजार रुपये जास्त पडले तरी एका वर्षात ते निघून येतात. इतका किफायतशीर खर्च घरबांधणीत दुसरा सापडणे अवघड. याउलट छताचे फोम इन्सुलेशन समजा चौरस फुटाला १०० रुपये या भावाने १,००० चौरस फुटांना एक लाखाला पडले. घरात झोपण्याच्या खोलीत एक एसी आहे, तो मार्च ते जून रोज रात्री आठ तास चालतो आणि तासाला एक युनिट खातो, असे धरले तर वर्षाला सुमारे ९६० युनिटे होतात. इन्सुलेशनने त्यातली ४० टक्के वाचली तरी ३८४ युनिटे, म्हणजे ३,८४० रुपये. हप्त्यात मात्र वर्षाला १०,४१६ रुपये जातात. निव्वळ बिलाच्या हिशेबात हा खर्च हरतो, आणि इन्सुलेशन विकणारे माहितीपत्रक हे सांगत नाही. दोन-तीन खोल्यांत एसी लावण्याचा बेत असेल, तर टळणाऱ्या एसींची किंमत आणि त्यांचे बिल धरून चित्र बदलते. आणि बिलात न दिसणारी एक बाजू उरतेच: वीज गेलेल्या रात्री घरात झोप लागते की नाही, हे छत ठरवते. म्हणून माझा सल्ला असा आहे, की पांढरे छत, छज्जे, पडवी आणि उघडणाऱ्या खिडक्या यांवर कोणतीही काटकसर करू नये, आणि फोमचा निर्णय घरात किती एसी लागणार ते ठरवून मगच घ्यावा.

पैशाची बाजू समजून घेण्यासाठी बँक घराकडे कशी पाहते ते समजले पाहिजे. स्वतःच्या जागेवर घर बांधायला मिळणारे कर्ज एकरकमी मिळत नाही. जागा बिगरशेती किंवा गावठाणातली आहे ना, सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वच्छ आहे ना, हे वकील सर्च रिपोर्टमध्ये पाहतो. नियमित न झालेल्या गुंठेवारीच्या (मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या) प्लॉटवर बहुतेक बँका इथेच थांबतात. त्यानंतर मंजूर नकाशा आणि अभियंत्याचे अंदाजपत्रक यांवर रक्कम ठरते. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढचे ७५ टक्क्यांपर्यंतच देता येते, आणि ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. आपला वाटा आधी खर्च झालेला बँकेला पाहायचा असतो. मग जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांवरची आडवी पट्टी), स्लॅब, गिलावा, फरशी अशा टप्प्यांवर तिचा माणूस येऊन पाहतो आणि रक्कम सुटते.

इथेच ऊर्जाबचतीचे बेत कोलमडतात, कारण अंदाजपत्रक बहुधा चौरस फुटाच्या एका सरसकट दराने काढलेले असते. त्यात छज्जे किती, कोब्यावर काय, खिडक्या कोणत्या, हे लिहिलेले नसते. कर्ज मंजूर झाल्यावर सुचलेली प्रत्येक सुधारणा मग खिशातून किंवा बारा-चौदा टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जातून करावी लागते, आणि साडेआठ टक्क्यांना परवडणारी गोष्ट तेरा टक्क्यांना परवडत नाही. म्हणून कवचाच्या सगळ्या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळींनी, मोजमाप आणि दरासह लिहून घ्याव्यात. अभियंता कुरकुरतो, कारण त्याचे काम वाढते. तरी आग्रह धरावा. बँकेच्या मूल्यांकनात त्या धरल्या जातातच, शिवाय ठेकेदाराशी करारातही त्याच ओळी जोडता येतात. एकूण रकमेच्या दहा टक्के अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावेत आणि त्या रकमेला घरातल्या कोणाचीही नजर लागू देऊ नये.

काम चालू असताना फक्त सुटलेल्या रकमेवर व्याज भरावे लागते. सहा लाख सुटले असतील तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला ४,२५० रुपये, पंधरा लाख सुटले की १०,६२५ रुपये. यातून मूळ कर्ज एक रुपयानेही कमी होत नाही, आणि राहत्या घराचे भाडे चालूच असते. म्हणून दुर्मीळ साहित्यासाठी दोन महिने काम थांबवणे हा ऊर्जाबचतीतला सर्वांत महागडा प्रकार आहे. व्याजदर बदलता असेल तर वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर दंड लागत नाही, हे लक्षात ठेवून मिळालेला बोनस किंवा पिकाचा पैसा मुद्दलात भरावा. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, मात्र कर्ज घेतलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण झाले पाहिजे. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असेल आणि देशात कुठेही पक्के घर नसेल, तर शहरी भागासाठीच्या प्रधानमंत्री आवास योजना २.० ची व्याज अनुदानाची वाट तपासावी: घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या आठ लाखांवर चार टक्के दराने, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते.

सोलर शेवटी का, याचे एक कारण कागदपत्रांचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी घर, छत आणि घरगुती वीजजोडणी आधी असावी लागते. पॅनेलही देशात बनलेल्या सेलचेच लागते. अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येते, म्हणजे तोवरची सोय आपणच करायची. तीन किलोवॅटचा संच समजा १ लाख ९० हजारांना पडला, तर अनुदान वजा जाता १ लाख १२ हजार उरतात आणि गृहकर्जाच्या दराने त्यांचा हप्ता सुमारे ९७२ रुपये होतो. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटे देते, तेव्हा महिन्याला ३६० युनिटे. घरात त्यातली २५० वापरली जात असतील तरी अडीच हजारांची बचत होते. कसोटीवर हा खर्च सहज उतरतो. मात्र ज्या घरात महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटेच लागतात, तिथे तीन किलोवॅट घेणे म्हणजे घरच्या विहिरीवर गरज नसताना दुसरा पंप बसवणे. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: बॅटरीविना बसवलेला साधा संच महावितरणची वीज गेली की स्वतःही बंद होतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा झटका बसू नये अशी त्याची रचना असते. भर उन्हात वीज गेली, तर पॅनेल चकाकत असूनही पंखा बंदच राहतो. पॅनेलचा सांगाडा उंचावर घेतला, तर तीनेकशे चौरस फूट गच्चीला सावली मिळते. हा लाभ मात्र वीज असो वा नसो, मिळतोच.

गिलाव्यानंतर पैसा कमी पडू लागतो, हे जवळजवळ ठरलेलेच आहे. अशा वेळी फॉल्स सीलिंग, किचन ट्रॉली, नक्षीचे गेट, दुसऱ्या खोलीची महाग फरशी या गोष्टी पुढे ढकलाव्यात. ठेकेदार सर्वांत आधी छज्जे आखूड करण्याचे आणि गच्चीवरचा मोझॅक गाळण्याचे सुचवील, कारण त्यात त्याची मजुरी वाचते. छज्जाच्या सळया लिंटेलबरोबरच बांधाव्या लागतात. नंतर काढलेला छज्जा पत्र्याचा होतो. म्हणून स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, सेंट्रिंगवर सळई बांधून झालेली असते तेव्हा, स्वतः वर चढून चार गोष्टी पाहाव्यात: सोलरची वायर गच्चीवरून मीटरपर्यंत उतरायला स्वतंत्र पाइप टाकला आहे का, गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरचे गरम पाणी बाथरूमपर्यंत यायला जागा सोडली आहे का, प्रत्येक खोलीत पंख्याचा हुक बरोबर मध्यावर आहे का, आणि गच्चीचे पाणी उतरायला सोडलेली भोके कोब्याची जाडी धरून उंचीवर घेतली आहेत का. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मिक्सर येतो आणि त्यानंतर यांतले काहीही करायचे म्हटले तर ड्रिल मशीन मागवावे लागते.